गुन्ह्याची जागा वर्गांत आणतां येईल काय ?

एखाद्या घरांत अपमृत्यु घडला, म्हणजे तेथें सर्वांत आधीं कोण पोहोंचतें ? पोलिस नव्हे, डॉक्टरही नव्हे. प्रथम धांवून येतात तीं शेजारचीं माणसें. कोणी खिडकी उघडतो, कोणी दिवा लावतो, कोणी आडवी पडलेली खुर्ची उचलून भिंतीशीं ठेवतो, आणि एखादी कनवाळू शेजारीण सांडलेलें पाणीही पुसून काढते. यांतील कोणाच्याही मनांत पाप नसतें. पण पंचनामा लिहिणारा अंमलदार जेव्हां दारांत येऊन उभा राहतो, तेव्हां त्याच्यासमोर असते ती मृत्यूच्या वेळची खोली नव्हे, तर दहापंधरा जणांनीं आपापल्या परीनें नीटनेटकी केलेली खोली. त्यांतून तो अंमलदारच जर या कामांत अडाणी असला, तर उरलासुरला पुरावा त्याच्या बुटांखालीं जातो.

न्यायसहायक विज्ञान या नांवानें जें शास्त्र आज ओळखलें जातें, त्याच्या शिक्षणांतील मुख्य अडचण येथेंच आहे. रक्ताची परीक्षा, विषाची परीक्षा, बंदुकीच्या गोळीवर उमटलेले चरे, हें सर्व प्रयोगशाळेंत शिकवितां येतें. त्याकरितां उपकरणें आहेत, ग्रंथ आहेत. परंतु प्रयोगशाळेकडे जें पाठवावयाचें, तें मुळांत ओळखून उचलणारा डोळा कसा तयार करावा ? रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला एकच प्रयोग दहा वेळां करून दाखवितां येतो. मृत्यूची जागा मात्र एकदांच असते. ती विद्यार्थ्यांकरितां राखून ठेवतां येत नाहीं. आणि तीस विद्यार्थी तेथें नेऊन उभे केले, तर पाहण्यासारखें कांहीं उरतच नाहीं.

या अडचणीवर पूर्वीच्या शिक्षकांनीं शोधलेला पहिला उपाय म्हणजे ग्रंथ. ऑस्ट्रियांतील हान्स ग्रोस या न्यायाधीशानें १८९३ सालीं तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीं एक विस्तृत पुस्तक लिहिलें. त्याचें इंग्रजी रूपांतर १९०६ सालीं लंडनला नव्हे, तर मद्रासला प्रसिद्ध झालें; तेथील दोन सरकारी वकिलांनीं तें हिंदुस्थानांतील अंमलदारांच्या उपयोगासाठीं केलें होतें. दुसरा उपाय छायाचित्रांचा. स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठांत रुडॉल्फ आर्चिबाल्ड राइस यांनीं १९०९ सालीं पोलिसी शास्त्राची स्वतंत्र संस्था काढली. राइस हे स्वतः निष्णात छायाचित्रकार असल्यामुळें त्यांच्या शिकवण्यांत छायाचित्रांना मोठें स्थान होतें. छायाचित्र हें उत्तम साधन खरें, पण त्यांत एक उणीव राहते. कॅमेरा धरणारानें कोठें पाहावयाचें हें आधींच ठरविलेलें असतें. जें त्याला महत्त्वाचें वाटलें नाहीं, तें चौकटीबाहेर राहतें, आणि विद्यार्थी गुरूच्या डोळ्यांनीं पाहूं लागतो.

ही उणीव ज्यांनीं भरून काढली, त्या बाईंना कॉलेजचें तोंडही पाहावयास मिळालें नव्हतें. फ्रान्सिस ग्लेस्नर ली यांचा जन्म १८७८ सालीं शिकागो शहरीं झाला. वडील शेतीच्या यंत्रांचे बडे कारखानदार. घरीं संपत्तीला तोटा नव्हता. भाऊ हार्वर्ड विद्यापीठांत शिकावयास गेला. मुलीच्या वांट्याला घरचें शिक्षण, शिवण, विणकाम आणि लग्न आलें. त्यांच्या हातांतील कसब मात्र असामान्य होतें. १९१३ सालीं आईच्या वाढदिवसाला त्यांनीं शिकागोच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाची नव्वद बाहुल्यांची प्रतिकृति करून दिली, आणि तींत प्रत्येक वादकाच्या हातीं त्याचें त्याचें इवलेंसें वाद्य होतें. हेंच कसब पुढें कोणत्या कामीं येणार आहे, याची त्या वेळीं कोणालाही कल्पना असणें शक्य नव्हतें.

भावाच्या ओळखीचे जॉर्ज बर्जेस मॅग्रथ हे डॉक्टर बोस्टनमध्यें सरकारी शवपरीक्षक होते. त्यांच्याकडून लीबाईंनीं या क्षेत्रांतील अनागोंदीच्या कथा ऐकल्या. अमेरिकेंत त्या काळीं बहुतेक ठिकाणीं संशयास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर करीत असे. मुंबईच्या लोकांना हा शब्द नवा नाहीं. तेथें कॉरोनरचें कोर्ट १९९९ पर्यंत चालू होतें. पण अमेरिकेंतील कॉरोनर हा पुष्कळदां निवडणुकीनें येई, आणि त्याला वैद्यकाचा गंध असावा अशीही अट नसे. मॅसॅच्युसेट्सनें ही पद्धति १८७७ सालींच टाकून देऊन तेथें डॉक्टर नेमला. बाकीचीं संस्थानें मागें राहिलीं. परिणाम असा होई कीं, खून पचत, साधे अपघात खून ठरत, आणि कपड्यावरील गोळीच्या भोंकांत बोट घालून पाहणारा शिपाई आपण तें भोंक मोठें करीत आहों हेंही जाणत नसे.

लीबाईंनीं पन्नाशी उलटल्यावर या कामाला हात घातला. त्यांच्या देणगीच्या आधारें १९३१ सालीं हार्वर्डमध्यें न्यायवैद्यकाचें अध्यापन सुरू झालें. १९३४ सालीं त्यांनीं मॅग्रथांच्या नांवें ग्रंथालय दिलें. १९३६ सालीं आणखी अडीच लक्ष डॉलर दिले. पण डॉक्टर तयार झाले तरी जागेवर आधीं पोहोंचणार तो पोलिस, हें त्या विसरल्या नाहींत. १९४३ सालीं न्यू हॅम्पशायर संस्थानच्या पोलिसदलानें त्यांना कॅप्टनचा हुद्दा दिला. त्याच सुमारास त्यांनीं ठरविलें कीं, विद्यार्थ्यांना जागेवर नेतां येत नाहीं, तर जागाच विद्यार्थ्यांपुढें आणावयाची.

ती कशी ? बाहुल्यांच्या घराच्या रूपानें. एका फुटाला एक इंच असें प्रमाण धरून त्यांनीं सुमारें वीस प्रतिकृति तयार केल्या. प्रत्येक प्रतिकृतींत एक मृत्यु, आणि तो खऱ्या प्रकरणांवर आधारलेला. नांवें व तपशील मात्र बदललेले. सुतारकाम रॅल्फ मोशर या कारागिराचें व पुढें त्याच्या मुलाचें; बाकी सर्व बाईंचें. भिंतीवरचें दिनदर्शिकेचें पान योग्य महिन्याचें असे. पायमोजे साध्या टांचण्यांवर विणलेले. सिगारेटी हातानें वळून टोकाला जाळलेल्या. उंदराचा सांपळा असला तर तो खरोखर मिटे. इतका खटाटोप कशासाठीं, असें एखाद्याला वाटेल. हौशी बाईंची लहर म्हणून त्या वेळींही कित्येकांनीं हंसून सोडून दिलें असेल. पण त्यांत एक पक्की शैक्षणिक दृष्टि आहे. प्रतिकृतींत एक वस्तु जरी हलगर्जीपणानें ठेविली असती, तरी विद्यार्थी म्हणाला असता कीं, ही चूक करणाराची आहे, पुरावा नव्हे. प्रत्येक वस्तु अचूक असल्याशिवाय प्रत्येक वस्तूला जबाबदार धरतां येत नाहीं.

बाहुलीच्या कातडीचा रंगसुद्धां शास्त्राला धरून आहे. हृदय थांबलें म्हणजे रक्त आपल्या वजनानें शरीराच्या खालच्या भागाकडे उतरतें, व तेथें कांहीं तासांत जांभळट छटा उमटते. ती प्रथम जागा बदलूं शकते. पुढें आठबारा तासांत ती कायम होते. म्हणून प्रेत पालथें सांपडलें आणि छटा पाठीवर असली, तर तें कोणीतरी नंतर हलविलें आहे हें उघड होतें. कोळशाच्या विषारी वायूनें मृत्यु आला असतां हीच छटा जांभळी न राहतां चेरीच्या फळासारखी लाल दिसते. वैद्यकाच्या पुस्तकांत हें एका परिच्छेदांत सांपडतें व परीक्षेपुरतें पाठही होतें. पण चिमुकल्या अंथरुणावरील चिमुकल्या देहावर तें आपल्या आपण हेरलें, म्हणजे विद्यार्थी तें जन्मभर विसरत नाहीं.

या प्रतिकृतींपैकीं एकीचें नांव आहे ‘स्वयंपाकघर’. एक गृहिणी गॅसच्या शेगडीसमोर जमिनीवर पडली आहे. तोट्या उघड्या, दारें आंतून बंद, फटींत वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले. सोबत पतीची जबानी : ‘मी तिच्याच कामासाठीं बाजारांत गेलों होतों, परत आलों तों दार बंद.’ पाहणारा लगेच म्हणतो, आत्महत्या. मग त्याची दृष्टि मोरीकडे जाते. तेथें सोललेले बटाटे आहेत. टेबलावर पीठ व लाटणें आहे. भट्टींतून नुकताच काढावयाचा पदार्थ तयार आहे, आणि इस्त्रीचें काम अर्धवट पडलें आहे. जिला जगावयाचें नाहीं ती बाई रात्रीच्या जेवणाची तयारी करील काय ? झालें ! तोच विद्यार्थी आतां तितक्याच खात्रीनें म्हणतो, खून. आणि खुनी म्हणजे नवरा.

पहिला निष्कर्ष जितका उतावळा, तितकाच दुसराही. अर्धवट राहिलेल्या स्वयंपाकावरून मन केव्हां फिरलें तें कळत नाहीं. आणि दारें आंतून बंद असतील, तर बाहेर गेलेल्या माणसानें तीं कशीं लावलीं याचें उत्तर बटाटे देत नाहींत. डिटेक्टिव्ह कादंबऱ्या वाचून वाढलेल्या तरुणाला येथें हमखास ठेंच लागते. कादंबरींत विसंगत वस्तु दिसली कीं ती खुणेचीच असते, कारण लेखकानें ती तेवढ्यासाठींच ठेविलेली असते. खऱ्या घरांत विसंगत वस्तु पुष्कळ असतात. आपल्याच स्वयंपाकघरांत या क्षणीं कोणी भिंग घेऊन आला, तर त्याला किती संशयास्पद गोष्टी सांपडतील, याचा प्रत्येक गृहिणीनें विचार करून पाहावा !

१९४५ पासून हार्वर्डमध्यें पोलिसांसाठीं आठवडाभराचे वर्ग सुरू झाले. खोलींत अंधार, प्रतिकृतींत दिवा. विद्यार्थ्याच्या हातीं एक विजेरी व एक भिंग. नव्वद मिनिटांत दोन प्रतिकृति पाहून सर्वांसमोर आपलें निवेदन करावयाचें. पाहण्याचीही रीत ठरलेली : डावीकडून सुरुवात करावी, घड्याळाच्या काट्यांप्रमाणें भिंतीभिंतीनें फिरावें, आणि मग मध्यभागीं यावें. मृतदेह सर्वांत शेवटीं. ही रीत दिसावयास साधी आहे, पण मनुष्यस्वभावाच्या ती अगदीं उलट आहे. कारण खोलींत प्रेत असतां भिंतीवरील दिनदर्शिका आधीं पाहणें कोणालाही जमत नाहीं. सोबतच्या जबान्या खऱ्याच असतील असा भरंवसा नसे. हीं कोडीं नव्हेत, निरीक्षणाचे व अहवालाचे पाठ आहेत, असें बाई बजावून सांगत. आठवड्याच्या अखेरीस बोस्टनच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलांत त्या स्वखर्चानें मेजवानी देत, आणि टेबलाची मांडणीही प्रतिकृतींइतक्याच काटेकोरपणें करवीत. पेरी मेसनचे जनक अर्ल स्टॅन्ले गार्डनर हेही त्या वर्गाला जाऊन आले व त्यांनीं आपली एक कादंबरी बाईंना अर्पण केली.

जागेवरचा डोळा हा या विद्येचा एक भाग झाला. दुसरा भाग तुलनेचा, आणि त्याला आपल्या देशाशीं जवळचें नातें आहे. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची कचेरी १८९७ सालीं कलकत्त्यास निघाली. पद्धतीला पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्री यांचें नांव मिळालें, पण तिचें गणित बसविण्याचें बरेंचसें श्रेय अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांकडे जातें. तें गणित शाळेंतील मुलालाही समजेल असें आहे. बोटावर भोंवरा आहे किंवा नाहीं, एवढेंच पाहावयाचें. दोन बोटांची एक जोडी धरली, तर भोंवरा असण्या-नसण्याच्या चार तऱ्हा होतात. दहा बोटांच्या जोड्या पांच. म्हणून चाराला चारानें असें पांच पदांपर्यंत गुणलें कीं १०२४ येतात. कपाटाला बत्तीस ओळींत बत्तीस खण केले, कीं कोणाचाही कागद आपल्या खणांत जाऊन बसतो. संगणकापूर्वीं जगांतील मोठ्या भागाचे पोलिस याच युक्तीवर चालले.

हा पाठ कोणत्याही शाळेंत करतां येतो. शाईची गादी, चाळीस मुलांचे चाळीस कागद, आणि खणांच्या ऐवजीं लिफाफे. एका मुलाचे ठसे पुन्हां घेऊन त्याचा कागद शोधावयास सांगावें. वर्गाला तो कांहीं मिनिटांत सांपडतो व मुलें खुष होतात. शिक्षकानें येथें थांबूं नये. त्यानें कांचेच्या पेल्यावर उमटलेला, पुसट, अर्धामुर्धा ठसा पेन्सिलीच्या शिशाच्या भुकटीनें उठवावा, तो चिकटपट्टीवर घ्यावा, आणि हा कोणाचा असें विचारावें. दहाही बोटें नीट उमटलेलीं असतां चालणारें गणित येथें निरुपयोगी होतें. आतां रेघ कोठें फुटते, कोठें संपते, हें भिंगानें मोजावें लागतें. आणि मुलें मोजण्याऐवजीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. एकानें मोठ्यानें नांव घेतलें, कीं बाकीच्यांनाही तोच ठसा दिसूं लागतो.

मुलांचें हें हंसण्यासारखें वागणें मोठ्यांच्या हातून घडलें, तेव्हां एक निरपराध मनुष्य तुरुंगांत गेला. ११ मार्च २००४ रोजीं माद्रिदच्या आगगाड्यांत स्फोट होऊन सुमारें १९० माणसें मरण पावलीं. स्फोटक साहित्याच्या एका पिशवीवर मिळालेल्या ठशाचें चित्र अमेरिकेच्या एफ्. बी. आय्. कडे गेलें. संगणकानें कोट्यवधि ठशांतून मिळतेजुळते वीस निवडून दिले. त्यांतील एक ओरेगन संस्थानांतील एका वकिलाचा होता. पहिल्या तज्ज्ञानें तो जुळतो असें म्हटलें. दुसऱ्यानें व तिसऱ्यानें पहिल्याचें मत माहीत असतांना त्याला दुजोरा दिला. कोर्टानें नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेंही मान डोलाविली. वकील दोन आठवडे कैदेंत राहिला. त्यानंतर स्पेनच्या पोलिसांनीं तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचें दाखवून दिलें. सरकारनें क्षमा मागितली व २००६ सालीं वीस लक्ष डॉलर देऊन प्रकरण मिटविलें.

याच प्रकरणाचा आधार घेऊन इटियल ड्रोर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक मार्मिक प्रयोग केला. तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. पांच अनुभवी ठसेतज्ज्ञांपुढें ठशांची एकेक जोडी ठेविली. प्रत्येकाला सांगितलें कीं, ही माद्रिदची चुकलेली जोडी आहे. तिकडे लक्ष न देतां आपलें मत द्या. खरें पाहतां ती जोडी ज्याची त्यानेंच कित्येक वर्षांपूर्वीं, खऱ्या कामांत, ‘जुळते’ म्हणून सही केलेली होती. पांचांपैकीं एकटा आपल्या जुन्या मतावर टिकला. तिघांनीं ‘जुळत नाहीं’ असें म्हटलें, व एकाला ठरवितां आलें नाहीं. ठसा तोच, डोळे तेच. फक्त कानांवर पडलेली गोष्ट वेगळी.

आजच्या वर्गांतील साधनांकडे या दृष्टीनें पाहणें जरूर आहे. हल्लीं सूक्ष्मदर्शकांतील दृश्य पडद्यावर सर्वांना एकदम दाखवितां येतें. डोळ्यांवर एक चष्मेवजा यंत्र चढविलें, कीं विद्यार्थी संगणकानें रचलेल्या खोलींत उभा राहतो, मान फिरवावी तिकडे भिंत दिसते, आणि हात पुढें केला तर खण उघडतो. लीबाईंना जें वर्षानुवर्षें टांचण्यांनीं विणावें लागलें, तें आतां हव्या तितक्या प्रतींत मिळूं शकतें. हें सामर्थ्य लहान नाहीं. एकच जागा शंभर विद्यार्थ्यांना न तुडवितां पाहतां येते. कोणाची नजर कोठें किती वेळ थांबली याचीही नोंद यंत्र ठेवूं शकतें, आणि हें तर उत्तम शिक्षकालाही साधत नाहीं. परंतु अशा खोल्या रचणारांचा एक मोह असतो. महत्त्वाची वस्तु चमकते, हात लावतांच घंटा वाजते, दहांपैकीं इतके गुण पडतात, आणि शेवटीं हिरवी खूण येऊन खुनी सांपडतो. असा पाठ विद्यार्थ्याला कादंबरीकडेच परत नेतो. चमकल्याशिवाय पुरावा नाहीं आणि घंटेशिवाय चूक नाहीं, ही संवय घेऊन तो खऱ्या खोलींत गेला, तर तेथें कांहींच चमकत नाहीं. दहा वस्तु शोधा असें सांगणारें यंत्र अकराव्या वस्तूकडे पाहूं देत नाहीं, हें तर त्याहूनही वाईट.

आपल्याकडे हा प्रश्न आतां केवळ विद्यापीठाचा राहिलेला नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनें सात वर्षें किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञानें जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा व त्या कामाचें चित्रीकरण व्हावें, अशी तरतूद केली आहे. ती लागू करण्यास राज्यांना पांच वर्षांची मुदत आहे. म्हणजे अशीं माणसें मोठ्या संख्येनें लागणार. गांधीनगरच्या संस्थेला २०२० सालीं राष्ट्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तिची शाखा गोव्यांत आहे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेंही सरकारी संस्था चालतात. यंत्रें विकत घेतां येतील. पण यंत्रापुढें बसणाऱ्याला तीन तज्ज्ञांची सही दिसत असतांना ‘मला हें जुळत नाहीं’ असें लिहिण्याची संवय कोठें लागावयाची ? ती लावावयाची तर वर्गांत प्रत्येकाचें निवेदन आधीं कागदावर उतरवून घ्यावें, मग बोलावें. आणि प्रकरणाची हकीकत शेवटीं द्यावी, आधीं नव्हे.

ज्या शाळेपाशीं चष्म्याचें यंत्र नाहीं, तिनें खंत करूं नये. जोड्याचें रिकामें खोकें घ्यावें, आणि मुलांच्या एका टोळीला त्यांत एक खोली रचावयास सांगावें : चोरी झालेली, खून नको. दुसऱ्या टोळीनें ती वाचावी. वाचणाऱ्यांपेक्षां रचणारीं मुलें अधिक शिकतात, असेंच दिसून येतें. कारण खिडकीची कडी कोणत्या बाजूस हवी आणि चोराचें पाऊल ओल्या मातींत कोणत्या दिशेनें उमटावें, याचा विचार त्यांना करावाच लागतो.

लीबाई १९६२ सालीं वारल्या. हार्वर्डचा तो विभाग त्यानंतर थोड्याच वर्षांत बंद पडला, आणि १९६८ सालीं प्रतिकृति बाल्टिमोर येथील मेरिलंड संस्थानच्या शवपरीक्षकांच्या कचेरींत गेल्या. २०१७ सालीं वॉशिंग्टनच्या रेनविक दालनांत त्यांचें प्रदर्शन भरलें, तेव्हां लोक भिंगें व विजेऱ्या घेऊन त्या चिमुकल्या खोल्यांवर वांकले. प्रत्येकाला एकच विचारावयाचें होतें : खरें काय घडलें ? तें सांगण्यांत आलें नाहीं. त्या प्रतिकृति पोलिसांच्या शिक्षणांत वापरल्या जातात, म्हणून त्यांचीं उत्तरें कचेरींत कुलुपांत ठेविलेलीं आहेत.